गरम सुईने स्क्रिमशॉ 'अस्सल' ठरत नाही

स्क्रिमशॉ म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या देवमासे मारणाऱ्या जहाजांवरच्या खलाशांनी स्पर्म व्हेलच्या दातांवर चाकू-सुईने कोरलेली आणि काजळी चोळून उठवलेली चित्रं. ती जमवणाऱ्यांत एक समज पक्का आहे: तापलेली सुई टोचा; वितळलं नाही तर दात अस्सल आणि जुना.

सुई फार तर एवढंच सांगते, की वस्तू मऊ प्लॅस्टिकची नाही. काही कडक रेझिनवर, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेवर, तिचा धड परिणामही होत नाही. उलट खऱ्या दातावर डाग मात्र कायमचा पडतो! आणि दात खरा असला, तरी त्यावरचं जहाज कालपरवा कोरलेलं असू शकतं.

जहाजाचं नाव आणि साल पाहूनही भुलू नका. 'सुसान' जहाजावर फ्रेडरिक मायरिक या खलाशाने १८२८-२९मध्ये कोरलेले दात प्रसिद्ध, म्हणून त्यांच्या रेझिनच्या नकलाही बाजारात आल्या. अतिनील दिव्याखाली खरा दात निळसर-पांढरा चमकतो, रेझिन सहसा मंद दिसतं. कोरीवकामाचं वय मात्र दिवाही सांगत नाही. त्यासाठी रेषा भिंगाखाली वाचणारा जाणकारच लागतो.