घनफळाचं सूत्र जुनं, वजावटीचे नियम नवे

कामाचं परिमाण काढायचं गणित आपल्याकडे फार पूर्वीच पक्कं झालं होतं. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’त खातव्यवहार हे प्रकरणच खोदकामाचं आहे. तोंड मोठं आणि तळ लहान अशा खड्ड्यासाठी तिथली रीत अशी: तोंडाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ, आणि दोन्हीकडच्या लांब्यांची बेरीज गुणिले रुंद्यांची बेरीज. हे तिन्ही मिळवून सहाने भागायचं आणि खोलीने गुणायचं. तोंड 12 × 10 हात, तळ 6 × 5, खोली 7 हात असेल तर 120 + 30 + 270 = 420, त्याचा सहावा भाग 70, घनफळ 490. हेच आजचं प्रिझ्मॉइडल सूत्र. घाईत तोंड आणि तळाची नुसती सरासरी घेतली की 525 येतात, म्हणजे 35 घनहात माती कागदावरच खोदली जाते. उतार असलेल्या खोदकामात आणि भरावात ही चूक आजही सर्रास होते.

काय मोजायचं आणि काय सोडायचं, यावरून मात्र वाद राहिले, आणि परिमाणावर पैसे मिळू लागले तसे ते वाढले. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या कारकिर्दीत 1854 साली सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं. त्याच वर्षी अशा कामांसाठी कनिष्ठ कर्मचारी तयार करायला पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. खात्याच्या कामकाजात मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, हाच देयकाचा मूळ पुरावा. म्हणून तिचे नियम हिशेबाच्या वहीपेक्षाही कडक: पानांना छापील क्रमांक, नोंद जागेवर आणि शाईने, खाडाखोड नाही. आकडा चुकला तर एक रेघ मारून वर दुरुस्ती आणि सही. पान फाडायचं नाही, कोरं राहिलं तर त्यावर तिरकी रेघ.

एकक तेव्हा फूट होतं. मातीकामाचा दर हजार घनफुटांना, दगडी बांधकामाचा शंभराला. 1956 च्या वजनमापांच्या कायद्याने मेट्रिक आलं. मोजणीच्या पद्धतीचं भारतीय मानक, आयएस 1200, 1958 साली निघालं, 1964 साली मेट्रिकमध्ये सुधारलं आणि पुढे कामाच्या प्रकारानुसार त्याचे वेगळे भाग झाले. जुन्या मापांच्या खुणा त्यात राहिल्या, खोदकामाची 1.5 मीटरची लिफ्ट, म्हणजे माती वर उचलायचा एक टप्पा, हे जुने 5 फूटच.

या मानकाचा खरा उपयोग वजावटीत दिसतो. गिलाव्यात 0.5 चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा होत नाही. 0.5 ते 3 चौरस मीटरच्या उघडीची, दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर, एकाच बाजूची वजावट करायची आणि आतल्या कडा मोजायच्या नाहीत. 3 च्या वर दोन्ही बाजू वजा आणि कडा वेगळ्या मिळवायच्या. 1.2 × 1.5 ची खिडकी घ्या: एका बाजूचे 1.8 चौरस मीटर वजा होत नाहीत, पण 23 सेंटीमीटरच्या भिंतीत चारही कडा मिळून सुमारे 1.24 चौरस मीटर गिलावा लागतोच, शिवाय कोपरे काढायची मजुरी. कंत्राटदाराला फुकट पैसे मिळाले, असं लेखापरीक्षणात कुणी म्हटलं की हा हिशेब दाखवावा. काँक्रीटमध्ये सळईचं घनफळ वजा करत नाहीत. अर्ध्या विटेची भिंत घनमीटरमध्ये न धरता चौरस मीटरमध्ये मोजतात.

अंदाजपत्रकातल्या चुका वेगळ्या. मध्यरेषा पद्धतीत, म्हणजे भिंतींची लांबी त्यांच्या मध्यरेषेवरून धरताना, जिथे भिंत दुसऱ्या भिंतीला टेकते, अशा प्रत्येक टी-जोडावर त्या थराच्या रुंदीचा निम्मा भाग लांबीतून काढायचा असतो. पायाची रुंदी 0.90, जोत्याची 0.45 आणि भिंतीची 0.30 असेल, तर एका पार्टिशनच्या दोन जोडांची वजावट प्रत्येक थरात बदलते: 0.90, 0.45, 0.30 मीटर. नवशिके पायाची लांबी एकदा काढतात आणि तीच वरपर्यंत नेतात. मग वरचं वीटकाम कमी भरतं.

आणि ब्रास. आयएस 1200 ला इतकी वर्षं झाली तरी महाराष्ट्रात वाळू, मुरूम, खडी ब्रासनेच येते: 100 घनफूट, म्हणजे 2.83 घनमीटर. मिस्त्री गिलाव्याचा दरही ब्रासनेच सांगतो, पण तो ब्रास 100 चौरस फुटांचा, 9.29 चौरस मीटरचा. पावतीवर नुसतं ‘ब्रास’ लिहिलेलं असेल तर कोणता, हे देयक करण्याआधी विचारून घ्यावं.