नावेचे पाणी, पिण्याचे पाणी

पांढऱ्या भिंती, काळी कौले आणि समोरच्या पाण्यात त्यांचे प्रतिबिंब असे छायाचित्र हाती आले की त्याखाली 'चीनमधले जलनगर' असे लिहून मोकळे होण्याची सवय आपल्याकडच्या प्रवासलेखनाला जडली आहे. त्यांतली कितीतरी छायाचित्रे होंगत्सुनची असतात, आणि होंगत्सुन हे जलनगर नव्हे.

जलनगर म्हणजे काय, हे शांघायची सहल केलेल्या वाचकाला सांगायला नको. सुचोउजवळचे झोउझ्वांग, तिथले कालवे, जुळे पूल आणि नावा त्याने पाहिलेल्या असतात. ते च्यांगसू प्रांतात आणि होंगत्सुन आन्ह्वेइ प्रांतात, ते बाजारपेठेचे गाव आणि हे वांग कुळाने 1131च्या सुमारास वसवलेले खेडे, हे फरक कुणालाही चटकन समजतात. भिंतींवरून मात्र ओळख पटवू नये. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या, 'घोड्याचे डोके' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिंती जलनगरांतही आढळतात. दाटीवाटीच्या लाकडी घरांत एका घराची आग दुसऱ्यात जाऊ नये, हे त्यांचे मूळ काम. त्यांना निव्वळ नक्षी म्हटलेले मला खपत नाही.

खरा घोळ पाण्याचा आहे. झोउझ्वांगमध्ये पाणी हा रस्ता आहे. माल नावेतून यायचा, म्हणून घरांच्या दगडी पायऱ्या थेट कालव्यात उतरतात आणि पुलाच्या कमानी नाव जाईल इतक्या उंच असतात. होंगत्सुनमध्ये पाणी हा पाणीपुरवठा आहे. पश्चिमेच्या ओढ्याला दगडी बांध घालून वळवलेले पाणी हात-दोन हात रुंदीच्या पाटांतून, गल्लीच्या कडेने, घरांच्या उंबऱ्यांपाशी खेळवलेले आहे, आणि काही घरांनी तर ते आत घेऊन अंगणात छोटे तळे केले आहे. हे पाट आणि गावाच्या मध्यावरचे अर्धचंद्राकृती तळे मिंग राजवटीत, युंगलो सम्राटाच्या काळात झाले. दक्षिणेचा मोठा तलाव 1607चा. जमिनीचा उतारच पाणी पुढे नेतो. सकाळी आठच्या आत पिण्याचे पाणी भरायचे आणि धुणी-भांडी त्यानंतर करायची, असा जुना दंडक सांगितला जातो. तळ्याच्या काठावर कपडे आपटणाऱ्या बायका आजही दिसतात. तलावावर कमानीचा पूल आहे, त्यामुळेच छायाचित्रात फसगत होते. पण त्या कमानीखालून मालाची नाव कधी गेली नाही. गावकरी या रचनेला बैलाची उपमा देतात: डोंगर हे डोके, पाट ही आतडी, अर्धचंद्र तळे हे जठर आणि दक्षिण तलाव हे पोट. पाणी गावभर फिरून, वापरून, शेवटी शेताला जाते.

हे ध्यानात आले की ऋतूंचा फरकही उलगडतो. झोउझ्वांगचे सौंदर्य मुख्यतः बांधलेले आहे. धुके, पाऊस, संध्याकाळचे कंदील यांनी त्याची छटा पालटते, पण चौकट तीच राहते. होंगत्सुन आणि शेजारचे शीदी (दोन्ही 2000 साली जागतिक वारसा यादीत आली) यांच्याभोवती शेते आणि डोंगर असल्यामुळे तिथे चौकटच बदलते. मार्च-एप्रिलमध्ये मोहरीच्या जातीची पिवळी शेते फुलतात, जूनच्या पावसात घरांच्या उघड्या छतचौकातून चारी बाजूंचे पाणी आत पडते (घरची लक्ष्मी घरातच राहावी, ही त्यामागची श्रद्धा), उन्हाळ्यात दक्षिण तलावात कमळे असतात आणि हिवाळ्यात कधी काळ्या कौलांवर बर्फ साचतो. च्यांगशीतल्या वुयुआनच्या पिवळ्या टेकड्यांची छायाचित्रेही याच गावांच्या नावावर खपवली जातात, पण ते दुसरे ठिकाण. 1934पर्यंत तेही आन्ह्वेइ प्रांतातच होते, एवढे खरे.

मला विचाराल तर नोव्हेंबरमध्ये जावे आणि वसंतातली गर्दी टाळावी. होंगत्सुनजवळच्या ताच्वान गावात तेव्हा मेणझाडांची पाने लाल होतात आणि सकाळी कौलांवरून चुलींचा धूर त्यांच्यात मिसळत जातो.