दास बोट : आवृत्तिभेद

वोल्फगांग पीटरसन दिग्दर्शित जर्मन युद्धपट. दुसऱ्या महायुद्धातील ‘यू-९६’ या पाणबुडीची अटलांटिक महासागरातील मोहीम हा त्याचा विषय. याच पाणबुडीवर १९४१ मध्ये युद्धवार्ताहर म्हणून गेलेल्या लोथर-ग्युंटर बुखहाइम यांच्या कादंबरीवर (१९७३) तो आधारलेला आहे. प्रमुख आवृत्त्या तीन : चित्रपटगृहांसाठीची, सुमारे १४९ मिनिटांची (१९८१), सुमारे पाच तासांची दूरचित्रवाणी मालिका (ब्रिटनमध्ये १९८४, पश्चिम जर्मनीत १९८५), आणि दिग्दर्शकाने पुन्हा संकलित केलेली, सुमारे २०८ मिनिटांची (१९९७).

यांतील मूळ कोणती, याविषयी एकमत नाही. प्रदर्शनाचा क्रम प्रमाण मानणारे १९८१ च्या आवृत्तीला मान देतात. ऑस्करची सहा नामांकने तिलाच मिळाली होती. उलटपक्षी, चित्रीकरण आरंभापासून चित्रपट व मालिका या दोहोंसाठी झाले आणि त्यात दूरचित्रवाणी संस्थांचा पैसा होता. त्यामुळे मालिका हीच मूळ योजना व १९८१ ची आवृत्ती तिचा संक्षेप, असे दुसरे मत आहे. आशयाकडे पाहता ते अधिक ग्राह्य वाटते. शत्रूचे जहाज दृष्टीस न पडता जाणारे दिवस, वादळातली टेहळणी, वाढत्या दाढ्या, नासत चाललेले अन्न यांना मालिकेत पुरेसा अवकाश मिळतो, आणि पाण्यातील स्फोटांचा मारा सुरू होतो तेव्हा खलाशी आपल्या परिचयाचे झालेले असतात. संक्षेपात हल्ले एकमेकांजवळ येतात. थरार वाढतो, पण माणसे पुसट होतात, आणि हे नुकसान मोठे आहे.

१९९७ ची आवृत्ती मधला मार्ग काढते. मात्र तिचा ध्वनी नव्याने सिद्ध केलेला असल्याने पाण्याच्या दाबाखाली करकरणाऱ्या सांगाड्याचा तिच्यातला आवाज १९८१ च्या ध्वनियोजनेचा पुरावा म्हणून घेता येत नाही. केवळ कालावधीवरून काटछाट ठरवणेही धोक्याचे. सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा) चित्रपट युरोपीय दूरचित्रवाणीच्या २५ चौकटींच्या वेगाने दाखवला, की २०८ मिनिटांचे २०० होतात. एकही दृश्य गळलेले नसते. म्हणून तुलना दृश्यागणिकच करावी लागते.

ही शिस्त मराठी अभ्यासकांना पाठचिकित्सेतून, म्हणजे जुन्या ग्रंथाच्या प्रती ताडून मूळ पाठ ठरवण्याच्या अभ्यासातून, परिचित आहे. गोव्यातील प्रियोळचे अ. का. प्रियोळकर यांनी रघुनाथपंडितांच्या ‘दमयंती स्वयंवरा’ची चिकित्सक आवृत्ती (१९३५) तयार करताना हस्तलिखितांतील पाठभेद ताडून पाहिले होते. फरक एवढाच, की पोथीत बदल बहुधा नकलकाराच्या हातून होतात. येथे ते स्वतः दिग्दर्शकाने केलेले आहेत. सर्वांत उशिराचा पाठ भ्रष्ट समजण्याचा पोथीतला संकेत त्यामुळे येथे लागू पडत नाही.

चित्रपटाच्या कथानकाशी गोव्याचा संबंध नाही. पणजीत २००४ पासून भरणाऱ्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे जगभरचे चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहण्याची सोय येथील मराठी प्रेक्षकांना झाली. पाणबुडीयुद्धाची झळ मात्र गोव्याला प्रत्यक्ष लागली होती. तटस्थ पोर्तुगीज सत्तेखालील मुरगाव बंदरात आश्रयाला असलेल्या ‘एरेनफेल्स’ या जर्मन व्यापारी जहाजावर ९ मार्च १९४३ च्या सुमारास ब्रिटिशांनी गुप्त छापा घातला; ते जहाज खलाशांनीच बुडवले. त्या जहाजावरून जर्मन पाणबुड्यांना बिनतारी संदेश जात, हे विधान मुख्यतः ब्रिटिश बाजूच्या लेखनावर उभे असल्याने सावधपणे स्वीकारणे योग्य.