घटका आणि तास : दोन भांडी, दोन मापे

जुन्या पंचांगात ‘तिथी ३२ घ. ३० प.’ असे वाचले की अनेकांना ‘घ.’ म्हणजे घंटा, अर्थात तास वाटतो आणि मग दिवसाला बत्तीस तास कसे, हा प्रश्न पडतो. तो ‘घ.’ घटकेचा असतो आणि ‘प.’ पळांचा; साठ पळांची एक घटका. घटका म्हणजे २४ मिनिटे, तास म्हणजे ६० मिनिटे. अहोरात्रात घटका ६० आणि तास २४. आकडे तेच, फक्त जागा बदललेल्या, आणि माझ्या मते घोटाळ्याचे मूळ इथेच आहे. एका तासाच्या अडीच घटका होतात, म्हणून घटकांना दोनने गुणून पाचने भागले की तास मिळतात. वरच्या उदाहरणात साडेबत्तीस घटकांचे तेरा तास झाले. परंतु पंचांगातील घटका मध्यरात्रीपासून नव्हे, तर सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सूर्योदय ६ वाजून २० मिनिटांनी असेल तर ती तिथी संध्याकाळी ७ वाजून २० मिनिटांनी संपते.

शब्दांच्या उगमाकडे वळले की ही दोन मापे पुन्हा शेजारी येऊन बसतात, कारण दोन्ही शब्द मुळात भांड्यांची नावे आहेत. संस्कृतात घट म्हणजे घडा आणि घटिका म्हणजे लहान घडा. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत सोडत. खालच्या छिद्रातून पाणी हळूहळू आत चढे, वाटी जड होत होत काठापर्यंत बुडे आणि शेवटी एकदम तळाशी जाई. अशी वाटी अहोरात्रात साठ वेळा बुडते, असे सूर्यसिद्धान्त या जुन्या संस्कृत खगोलग्रंथात सांगितले आहे. भरून बुडायला वाटीला जेवढा वेळ लागे तेवढ्या वेळालाच वाटीचे नाव मिळाले. लग्नात मुहूर्त साधण्यासाठी घंगाळात सोडले जाणारे घटिकापात्र ते हेच. घडी आणि घड्याळ हे शब्दही याच कुळातले. म्हणजे पाण्याशी काहीही संबंध न उरलेल्या मनगटावरच्या यंत्राच्या नावातही तो घट टिकून आहे.

तास हा शब्द फारसीमार्गे आला. तिकडे त्याचा अर्थ वाटीसारखे धातूचे भांडे. मराठीत तो वेळ कळवण्यासाठी टोले द्यायच्या धातूच्या थाळीला लागला आणि तिथून टोल्यांनी कळणाऱ्या वेळेलाही. म्हणून जुन्या मराठीत ‘तास वाजतो’ असे वाचताना तो वाजणारा तास ही वस्तू आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. पुढे साठ मिनिटांच्या कालखंडाला हेच नाव कायमचे चिकटले, इतके की थाळीचा अर्थ आज सहसा कोणाला आठवत नाही. शाळेतला ‘गणिताचा तास’ मात्र साठ मिनिटांचे बंधन पाळत नाही. तिथे टोल्यापासून टोल्यापर्यंतचा वेळ एवढाच अर्थ आहे आणि तो मूळ अर्थाच्या अधिक जवळचा वाटतो.

मोजमापातून बाहेर पडल्यावर दोन्ही शब्दांचा स्वभाव वेगळा झाला. ‘घटकाभर बसा’ यात आग्रह आणि जिव्हाळा आहे, चोवीस मिनिटांचा हिशेब नाही. ‘तासभर बसवून ठेवले’ यात तक्रार आहे. ‘तासन् तास’ म्हटले की कंटाळा किंवा चिकाटी जाणवते, तर ‘घटकेत हसतो, घटकेत रडतो’ यात घटका क्षणाएवढी आखडते. या वाक्यांत एका शब्दाच्या जागी दुसरा घालता येत नाही, ही बाब अनुवाद करणाऱ्यांनी विशेष जपायला हवी. ‘अखेरच्या घटका मोजणे’ याऐवजी ‘अखेरचे तास मोजणे’ हा प्रयोग अलीकडे बातम्यांतून दिसतो. त्यात अर्थ पोचतो, परंतु भरत जाऊन एकदम बुडणारी ती तांब्याची वाटी हरवते.