नव्या हृदयाची नाडी फसवते

बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी फेऱ्या मारणारे पुष्कळजण मनगटावरच्या घड्याळात ठोके बघून वेग ठरवतात. हृदय प्रत्यारोपण झालेल्याने निदान पहिली काही वर्षं तरी त्या आकड्याच्या नादी लागू नये.

जुनं हृदय काढताना त्याला मेंदूशी जोडणाऱ्या नसा कापल्या जातात. रक्तवाहिन्या शिवता येतात, या नसा येत नाहीत. ठोक्यांना लगाम घालणारी व्हेगस नसही त्यात गेली, म्हणून स्वस्थ बसलं तरी ठोके मिनिटाला 90 ते 110. चालायला लागलं की मात्र ते लगेच वाढत नाहीत. ठोके वाढवणारं ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तातून येईपर्यंत काही मिनिटं जातात. बाकावर टेकल्यावरही ठोके बराच वेळ चढेच. अशा हृदयाने दांडिया बाजारातला एखादा उभा जिना एकदम चढायला घेतला, तर दुसऱ्या मजल्याआधीच पाय जड होतात.

म्हणून आधी 10 मिनिटं रमतगमत, मग 15-20 मिनिटं जरा झपाझप, शेवटी पुन्हा 10 मिनिटं हळू. वेगाचं माप एकच: बोलता यावं, गाता येऊ नये.

दुसरी अडचण मांड्यांची. शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने तिथले स्नायू झिजतात. खुर्चीतून उठताना ते प्रथम कळतं. जुम्मादादांच्या आखाड्याच्या गावात बैठका कुणाला शिकवायला नकोत, पण इथे बैठक खुर्चीची. हात छातीवर, पावलांमध्ये खांद्यांइतकं अंतर, उठायचं आणि तीन मोजत सावकाश बसायचं. 8 ते 10 वेळा. गुडघे आत वळत असतील तर खुर्ची फार बुटकी आहे. उशी घालून उंच करा.

दंड मात्र 12 आठवडे नाहीत. छातीचं हाड तारेने बांधलेलं असतं आणि स्टेरॉइडमुळे सावकाश जुळतं. तोवर चार-पाच किलोंपेक्षा जड काही उचलायचं, ढकलायचं, ओढायचं नाही. मध्येच पतंगांचं उत्तरायण आलं तर फिरकी धरावी, पेच लढवू नयेत. कूस बदलताना छातीत ‘कट्’ असं वाजलं तर सर्जनला दाखवा.

नसा नसल्यामुळे हृदयविकाराची कळही बहुधा येत नाही. तेव्हा वहीत रोजच्या फेऱ्या आणि वजन लिहा. काल दोन फेऱ्या सहज झाल्या आणि आज पहिलीतच धाप लागली, पावलं सुजली किंवा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. शरीर नवं हृदय नाकारायला लागल्याची पहिली चाहूल अशीही असू शकते.