झोक्याला फुटलेले दात

कॅमकॉर्डरची जुनी टेप कॉम्प्युटरवर उतरवून घेतली की पहिला धक्का बहुधा हाच बसतो: झोका घेणाऱ्या पोराच्या कडांना कंगव्यासारखे दात फुटलेले. टीव्हीवर हीच टेप शंभरदा पाहिली, तेव्हा तर असं काही नव्हतं! टेप खराब झालेली नसते. ते दात चित्रात पहिल्यापासूनच आहेत.

जुना कॅमकॉर्डर अख्खं चित्र एका दमात टिपत नसे. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या चित्रात ५७६ ओळी असतात. त्यातल्या एकाआड एक अशा २८८ ओळी तो आधी टिपायचा आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या २८८. अशा अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. मधल्या वेळात भिंत जागची हलत नाही, झोका मात्र पुढे गेलेला असतो. काचेच्या नळीचा टीव्हीही ओळी तशाच पाळीपाळीने उजळायचा, म्हणून सगळं जुळून यायचं. आजचा पडदा दोन्ही अर्धी एकदम दाखवतो आणि झोका एकाच क्षणी दोन ठिकाणी दिसतो.

डोळ्याला खुपतात हे तर झालंच, पण फाइल लहान करताना हे दात महागातही पडतात. कसे, ते कळायला थोडा हिशेब करावा लागेल.

७२० बाय ५७६ पिक्सेलचं चित्र, सेकंदाला २५. रंगाची माहिती आधीच कमी करून प्रत्येक पिक्सेलला सरासरी दीड बाइट धरला, तरी सेकंदाला साडेपंधरा एमबी आणि तासाला ५६ जीबी होतात. १९९५ साली आलेल्या मिनीडीव्ही या डिजिटल टेपने यातली प्रत्येक फ्रेम, म्हणजे प्रत्येक पूर्ण चित्र, स्वतंत्रपणे पाचपट दाबली. आवाज वगैरे धरून तास १३ जीबीत बसला. ही टेप फायरवायर नावाच्या डिजिटल जोडणीच्या तारेने उतरवली तर ती निव्वळ नक्कल असते, काहीच हरवत नाही. हाय-एट किंवा व्हीएचएस-सी या जुन्या प्रकारच्या टेपवरचा सिग्नल मात्र ॲनालॉग, तो कॅप्चर उपकरणातून डिजिटल करून घ्यावा लागतो. खरी नासाडी बऱ्याचदा तिथेच होते. आधीच दाबून देणारं उपकरण टाळलेलं बरं.

२००३ साली आलेली एच.२६४ ही व्हिडिओ दाबण्याची पद्धत, तिचा कॉम्प्रेसर याहून हुशार. तो शेजारच्या फ्रेम एकमेकींशी ताडून पाहतो. ‘मागच्या फ्रेममधला हा चौकोन उचल, तीन पिक्सेल डावीकडे सरकव’ एवढाच निरोप तो लिहून ठेवतो, आणि तरीही जो फरक उरतो त्यातले डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळून टाकतो. थोडक्यात, नवं काय घडलं त्याचेच तो पैसे मोजतो. सेकंदाला ३ मेगाबिट दिले तर तासाभराचं चित्र दीड जीबीच्या आत येतं.

आता घरगुती चित्रीकरणात ‘नवं’ काय असतं? पोराचं हसू असतंच, पण त्याहून जास्त असते ती हाताची थरथर आणि कमी उजेडात सगळ्या चित्रभर वळवळणारे दाणे. हे दाणे प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने पडतात, मागच्या फ्रेमवरून त्यांचा अंदाज बांधता येत नाही. कॉम्प्रेसर बिचारा इमानदारीने तेच लिहीत बसतो. म्हणून स्टुडिओतल्या स्थिर मुलाखतीपेक्षा आपल्या अंधाऱ्या खोलीतल्या समारंभाला कितीतरी जास्त जागा लागते. दाणे हलक्या हाताने पुसता येतात. जोरात पुसले की माणसं मेणाची दिसू लागतात. मला विचाराल तर चार दाणे परवडले.

दातांचंही तसंच. उभ्या दिशेने ओळीआड ओळ बदलणारं चित्र म्हणजे बारकाव्यांची कमाल. तेव्हा दाबण्याआधी डीइंटरलेसिंग करून घ्यायचं, म्हणजे दोन फील्ड सुटी करून त्यांची पूर्ण चित्रं बनवायची. प्रत्येक फील्डच्या मधल्या ओळी अंदाजाने भरल्या की २५ ऐवजी ५० पूर्ण फ्रेम मिळतात आणि टीव्हीवर दिसायची ती सफाईदार हालचाल परत येते. निम्म्या टाकून २५ ठेवणारे बरेच असतात, मला ते पटत नाही. आकार बदलायचा तर तो या पायरीनंतर. आधी बदललात तर दोन फील्ड एकमेकांत कालवली जातात आणि मग ती कशानेच सुटी होत नाहीत. फील्डचा क्रमही बघून घ्या: मिनीडीव्ही टेपवर खालचं फील्ड आधी येतं. क्रम उलटा पडला तर झोका दोन पावलं पुढे, एक मागे असा अडखळत जातो.

एच.२६४ पद्धतीने दाबणाऱ्या एक्स२६४ या प्रोग्रॅममध्ये दर्जासाठी सीआरएफ नावाचा आकडा द्यावा लागतो. मूळ मांडणीत तो २३ असतो. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. अख्खी टेप दाबायला लावण्याआधी एकेक मिनिटाचे दोन तुकडे करून पाहा, एक झोक्याचा आणि एक सगळ्यात अंधाऱ्या प्रसंगाचा. काळ्या भिंतीवर चौकोनी ठिगळं दिसली तर आकडा दोन-तीनने खाली आणा. आणि १३ जीबीची मूळ फाइल पुसू नका, पुढचा कॉम्प्रेसर आला की तिच्यावरूनच पुन्हा सुरुवात करायची आहे.