खाद्य-उंदरांसाठीचा घरगुती कार्बन डायऑक्साइड कक्ष

पाळीव सापांना आणि शुश्रूषा केंद्रांतील घुबडे, ससाणे यांसारख्या शिकारी पक्ष्यांना खाऊ घालण्यासाठी वाढवलेले छोटे पांढरे उंदीर व मोठे रॅट कमीत कमी यातना देऊन मारता यावेत, म्हणून प्राणिपालक स्वतः जुळवतात त्या वायुपेटीला हे नाव देता येते. अमेरिकेत व युरोपातील काही देशांत सर्पपालनाचा छंद रुजला आहे आणि घरच्या घरी उंदरांची पैदास करणारे लोक तेथे बरेच आहेत. जिवंत उंदीर पिंजऱ्यात सोडला आणि सापाला भूक नसली, तर तो उंदीर सापालाच चावून गंभीर जखमा करतो. बहुतेक पाळीव साप गोठवून पुन्हा कोमट केलेले भक्ष्य सहज स्वीकारतात, त्यामुळे आधी मारलेले उंदीर देण्याची पद्धत रूढ झाली. त्यासाठी वायू वापरण्याचे मुख्य कारण असे, की पशुवैद्यक वापरतात ती पेंटोबार्बिटालसारखी औषधे मृत शरीरात टिकून राहतात व ते खाणाऱ्या प्राण्याला विषबाधा करतात. कार्बन डायऑक्साइडचा असा कोणताही घातक अंश मागे राहत नाही.

पेटीची रचना अगदी साधी असते. झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, त्यात वायू आणणारी नळी आणि आतली हवा बाहेर जाण्यासाठी वरच्या बाजूला एक छिद्र एवढेच तिचे भाग असतात. वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तळाशी साचतो व हवेला वर ढकलतो. डबा पारदर्शक असावा लागतो, कारण प्राण्याचा श्वास केव्हा थांबला हे झाकण न उघडता दिसले पाहिजे. आत गर्दी करू नये आणि दोन खेपांच्या मध्ये पेटी धुवावी, कारण आधीच्या प्राण्यांच्या मूत्राचा व भीतीचा वास पुढच्यांना अस्वस्थ करतो. हे सारे कोणालाही जमते. पेटी चांगली की वाईट हे मात्र डब्यावर नव्हे, तर वायू किती वेगाने आत येतो यावर ठरते आणि घरगुती उपकरणे बहुधा नेमकी तेथेच उणी पडतात.

कार्बन डायऑक्साइड ओलसर श्लेष्मल त्वचेवर कार्बोनिक आम्ल तयार करतो. त्याचे प्रमाण एकदम वाढले, तर प्राणी शुद्धीवर असतानाच नाक-डोळ्यांना वेदना होतात. उलट प्रमाण फार सावकाश वाढले, तर गुदमरल्याची जाणीव लांबते. बाहेर पडण्याची मोकळीक ठेवली, तर रॅट वायूचे प्रमाण साधारण 20 टक्क्यांवर जाण्याआधीच पेटी सोडतात, आणि शुद्ध हरपते ती त्याहून अधिक प्रमाणाला. या पद्धतीत थोडी तरी भीती अटळ आहे, हे त्यावरून मान्य करावे लागते. अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशन या पशुवैद्यकांच्या संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक तत्त्वांत दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या 10 ते 30 टक्के वायू सोडावा असे म्हटले होते; 2020 च्या आवृत्तीत उंदरांसाठी हा वेग 30 ते 70 टक्के करण्यात आला. म्हणजे 20 लिटरच्या पेटीत मिनिटाला 6 ते 14 लिटर वायू जायला हवा. आत हवा व वायू मिसळत जातात आणि बाहेर पडते ते मिश्रण, त्यामुळे 30 टक्के वेगाने 5 मिनिटांनंतरही वायूचे प्रमाण सुमारे 78 टक्केच होते, तर 50 टक्के वेगाने तेवढ्याच वेळात ते 92 टक्क्यांच्या आसपास पोचते. आधीच वायूने भरलेल्या पेटीत शुद्धीतला प्राणी टाकणे ही तत्त्वे अमान्य ठरवतात.

असे नियंत्रण सिलिंडर, दाब कमी करणारा रेग्युलेटर आणि वायूचा वेग मोजणारा फ्लोमीटर असल्याशिवाय शक्य नाही. मत्स्यालयातील वनस्पतींसाठी किंवा पिंपातील बिअरसाठी मिळणारे सिलिंडर लोक वापरतात. त्यांना फ्लोमीटर जोडला, तर घरगुती पेटीही व्यावसायिक पेटीच्या बरोबरीने चालू शकते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा प्रकार स्वस्त म्हणून लोकप्रिय आहे, पण गणित त्याच्या विरुद्ध जाते. 84 ग्रॅम सोडा आणि 5 टक्के तीव्रतेचे सुमारे 1.2 लिटर व्हिनेगर यांची पूर्ण अभिक्रिया झाली, तरी जेमतेम 24 लिटर वायू मिळतो, त्यातला काही द्रावणातच विरघळून राहतो, आणि उरलेला आधी उसळून व मग रेंगाळत येतो. उणे 78.5 अंश सेल्सिअसच्या कोरड्या बर्फाने, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइडने, वेग सांभाळता येत नाहीच, शिवाय प्राण्याची त्वचा गोठण्याचा धोका असतो. मोटारीचा धूर तर तप्त व दाहक असल्याने त्याचा विचारही करू नये. पेटी कोणतीही असो, ती मोकळ्या हवेत चालवावी लागते, कारण बंद खोलीत जमिनीलगत साचणारा हा वायू माणसालाही बेशुद्ध करू शकतो.

नवजात पिल्लांचा प्रश्न वेगळा आहे. गुलाबी, केस न आलेली पिल्ले लहान सापांचे नेहमीचे खाद्य असतात, पण ऑक्सिजनच्या अभावाला ती विलक्षण तोंड देतात. पहिल्या दिवसाचे उंदराचे पिल्लू पूर्ण मरण्यास 50 मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. निपचित पडलेले पिल्लू मेले असे समजून फ्रीजरमध्ये ठेवले, तर ते तेथे पुन्हा श्वास घेऊ लागू शकते, आणि घरगुती पद्धतीतली सर्वांत क्रूर चूक बहुधा हीच असते. म्हणून श्वास थांबल्यावरही किमान एक मिनिट वायू चालू ठेवणे, मग हृदयाचे ठोके बंद झाल्याची खात्री करणे आणि शंका असल्यास मान निखळवण्यासारखी दुसरी शारीरिक पद्धत वापरणे आवश्यक असते. ती पद्धत लहान उंदरांना व 200 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या रॅटना लागू पडते, आणि कुशल हातांतच ती वेदनारहित ठरते.

भारतात देशी साप बाळगण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, त्यामुळे अशी पेटी येथील घरांत क्वचितच आढळते.